किल्लारीच्या माणसाला मत आहे!

मराठी वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी एक वाटणी कधीच करून टाकली आहे. दुःख खेड्यातल्या माणसाचे आणि मत शहरातल्या माणसाचे. गावात पूर आला, शेतकऱ्याने गळफास घेतला, वस्तीवर हल्ला झाला की गाडी येते, माईक पुढे होतो आणि प्रश्न विचारला जातो, "कसं वाटतंय?" काय वाटते, हे कोणी विचारत नाही. कसे वाटते याचे उत्तर हुंदक्याने देता येते आणि हुंदका पडद्यावर शोभून दिसतो. काय वाटते याचे उत्तर द्यायला डोके लागते. ते डोके बहुजन माणसाच्या धडावर आहे, यावर प्रस्थापितांचा आजही विश्वास नाही. म्हणून रात्रीच्या चर्चेत आपल्या पुरावर, आपल्या पिकावर, आपल्या आरक्षणावर, इतकेच काय, आपल्या खुनावरसुद्धा मत देणारे चार चेहरे मुंबई-पुण्या-दिल्लीचे असतात.

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातले किल्लारी हे गाव या अनुभवातून जितके गेले आहे तितके महाराष्ट्रातले दुसरे गाव क्वचितच गेले असेल. ३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला चार मिनिटे कमी. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव नुकते कुठे झोपले होते. धरणी हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावेच्या गावे दगडमातीखाली गेली. आठ ते दहा हजार माणसे मेली. आदल्या दिवसापर्यंत ज्याचे नाव जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते ते किल्लारी चोवीस तासांत जगाच्या बातमीपत्रात गेले. मंत्री आले, परदेशी पथके आली, कॅमेरे आले. सगळ्यांनी विचारले, कसे वाटते?

त्या किल्लारीत आज सकाळी चहाच्या हॉटेलात बसावे. समोरच्या बाकावरचा माणूस एकाच बैठकीत अमेरिकेच्या ट्रम्पवर बोलतो, अफगाणिस्तानातल्या भूकंपावर बोलतो, कुठल्या नटाच्या अटकेवर बोलतो आणि मग उठताना सोयाबीनच्या भावाला शिवी घालतो. शिकलेले लोक याला रिकामटेकड्यांच्या गप्पा म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. या गप्पांत पुष्कळसे उष्टे आहे, मोबाईलवरून आलेले आहे, ते आम्ही पुढे बोलणारच आहोत. परंतु त्यात असे ज्ञानही आहे जे कोणत्याही तज्ज्ञाकडे नाही, कारण ते घरातली माणसे पुरून मिळवलेले आहे. हे ज्ञान कोण विचारात घेतो, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम भूकंपाचेच घेऊ. ३१ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास अफगाणिस्तानातल्या कुनार प्रांतात भूकंप झाला. तीव्रता सहा. दोन हजारांहून अधिक माणसे मेली. शहरातल्या वाचकाने आकडा वाचला आणि पान उलटले. किल्लारीच्या माणसाने विचारले, घरे कशाची होती? आणि उत्तर न वाचताच त्याला ते माहीत होते. दगडाच्या आणि मातीच्या भिंती, वर जड छप्पर. त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. सहाच्या आसपासचा भूकंप जगात दरवर्षी शंभराहून अधिक वेळा होतो आणि बहुतेक वेळा त्यात मोठी मनुष्यहानी होत नाही. माणसे भूकंपाने मरत नाहीत, घराने मरतात. १९९३ चा भूकंपही सहाच्या थोडाच वरचा होता.

मराठवाड्यातले जुने घर म्हणजे माळवद. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, वर लाकडी सर आणि त्यावर फूट-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. पावसाळ्यात गळले की वर आणखी माती घालायची. बापाने घातली, आज्याने घातली. पिढ्यांचे हे ओझे छातीवर घेऊन माणूस खाली झोपत होता. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत बांधून ठेवणारे लांब दगड फारसे कोणी घालत नव्हते. त्यामुळे हादरा बसताच भिंत फुटली आणि छप्पर सरळ खाली आले. जितका वाडा मोठा तितके मरण जड. गावकुसाबाहेरच्या कुडाच्या, गवताच्या, पत्र्याच्या झोपडीत जे होते त्यांच्यातले बरेच जण म्हणूनच वाचले. आयुष्यभर गरिबीने मारले, त्या एका रात्री गरिबीनेच वाचवले.

भूकंपाने जात पाहिली नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. भूकंपाने पाहिली नसेल. पुनर्वसनाने जमीन पाहिली. जागतिक बँकेच्या कर्जातून जो भूकंप पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला त्यात बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी हलवण्यात आली. घरे कशी द्यायची? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट. सात हेक्टरांच्या वर असलेल्याला ७५० चौरस फूट. म्हणजे पूर्वी ज्याच्याकडे जास्त होते त्याला जास्त आणि ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याला सर्वांत कमी. मोठ्या शेतकऱ्याला धान्य, कडबा, अवजारे ठेवायला जागा लागते, असे याचे समर्थन करण्यात आले. लागते, मान्य आहे. पण भूमिहीनाच्या घरात माणसे कमी असतात काय? त्याच्या सुनेला बाळंतपणासाठी कोपरा लागत नाही काय? त्याच्या पोराला अभ्यासाला जागा लागत नाही काय? सातबारा पाहून माणसाच्या झोपण्याची जागा मोजणारा हा हिशेब कोणी केला आणि करताना कोणाला विचारले?

मराठवाड्यात जमीन म्हणजे जात, हे वेगळे सांगायला नको. आपल्या माणसाने गायरान फोडले, दगड वेचले, पेरले, मार खाल्ला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय निघाला, पण सातबाऱ्यावर नाव चढायला तलाठ्याच्या दारात वर्षे गेली. ज्याचे नाव चढले नव्हते तो कसणारा असूनही कागदावर भूमिहीनच. आणि घरे प्रवर्गानुसार असल्यामुळे काही गावांच्या आराखड्यात प्रवर्गच ओळीने बसले. मोठ्या घरांची आळी एकीकडे, अडीचशे फुटांची आळी दुसरीकडे. जुने गावकूस भूकंपाने पाडले होते. नवे गावकूस अभियंत्याच्या टेबलावर आखले गेले, पट्टी आणि पेन्सिल घेऊन.

यातली खरी मौज पुढे आहे. दोन लाखांच्या आसपास घरे अशी होती की ती नव्या जागी न्यायची नव्हती, होती तिथेच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. तिथे सरकारला लवकरच कळले की मालकाला, त्यातही घरातल्या बाईला विचारल्याशिवाय हे काम पुढे सरकत नाही. मग गावोगाव स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने हे काम उभे केले. ज्या बाईला आजवर घरातही कोणी विचारले नव्हते ती भिंतीत आडवा बांध-दगड कुठे घालायचा, सिमेंटमध्ये रेती किती मिसळायची, गवंडी कुठे चोरी करतो, हे शिकली आणि दुसऱ्या बाईला शिकवू लागली. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच स्त्रिया तिकडे गेल्या. भाषा येत नव्हती. भिंत वाचता येत होती. पुढे डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत हा अनुभव पोहोचला. नऊवारी नेसलेल्या, कशाबशा सही करणाऱ्या बायांचे मत जगाच्या बातमीवर उपयोगी पडले, याला कोणत्या अग्रलेखात जागा मिळाली? त्यांचा ढिगाऱ्यावर रडतानाचा फोटो मात्र पहिल्या पानावर होता.

आणि बातमी कोणाची होते, हे समजून घ्यायचे असेल तर त्याच शंभर दिवसांकडे पाहावे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात, नोव्हेंबर १९९३ मध्ये, नांदेडात गौतम वाघमारे या भीमसैनिकाने नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले. विधिमंडळाचा नामांतराचा ठराव जुलै १९७८ चा होता. म्हणजे पंधरा वर्षांहून अधिक काळ मराठवाड्यातला सामान्य माणूस आपले मत सांगत होता, त्यासाठी घर जाळून घेत होता, पोचिराम कांबळेंसारखी माणसे जीव देत होती. एकाच मराठवाड्यात दोन भूकंप चालू होते. एकाचे चित्रण करायला परदेशातून कॅमेरे आले. दुसऱ्याच्या बाबतीत मराठी पत्रेच विचारत होती, नावात काय आहे?

आता अमेरिकेकडे वळू. किल्लारीच्या माणसाचे ट्रम्पशी देणेघेणे काय, असे कोणी विचारील. देणेघेणे सोयाबीनचे आहे. लातूर हा सोयाबीनचा मोठा बाजार. खळ्यावर रास झाली की पोते आडतीवर जाते आणि तिथे सौद्यात जो भाव पुकारला जातो तो लातूरमध्ये ठरत नाही. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघते साधारण अठरा किलो, बाकीची बहुतेक पेंड. पेंडीचा भाव ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या पिकावर हलतो. तेलाचा भाव इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलावर हलतो, कारण आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यात अलीकडे मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबडीच्या खाद्यात स्वस्तात मिळू लागला आणि पेंडीची मागणी आणखी बसली. २०२५ मध्ये ट्रम्पने आयातकराचे युद्ध सुरू केले. चीनने अमेरिकेचे सोयाबीन घेणे थांबवले. तो माल कुठेतरी खपवायचा म्हणून अमेरिका भारताच्या दारावर धडका देऊ लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर पन्नास टक्के कर बसला. हे सगळे इंग्रजी वर्तमानपत्रात जागतिक घडामोडींच्या पानावर येते. आडतीवर उभ्या माणसासाठी ते घरच्या पानावरचे आहे. तो शिकागोचे नाव घेत नसेल, पण शिकागोत काय झाले ते त्याच्या पट्टीवर उतरलेले असते.

याच ठिकाणी आम्हाला एक स्पष्ट सांगायचे आहे. 'सामान्य माणूस' हा शब्द फार फसवा आहे. व्यंगचित्रातला तो चौकड्यांच्या कोटातला, गप्प राहून सगळे पाहणारा माणूस सर्वांना आवडतो, कारण तो बोलत नाही. किल्लारीत असा एक सामान्य माणूस नाही. पाच एकरवाल्या शेतकऱ्याला वाटते, बाहेरच्या तेलावर कर वाढवा म्हणजे माझ्या सोयाबीनला भाव येईल. त्याच्याच शेतात सोयाबीन काढायला जाणाऱ्या भूमिहीन बाईला वाटते, तेल स्वस्त झाले पाहिजे, कारण ती पिशवीतले तेल आठवड्याच्या बाजारात विकत आणते. दोघेही सामान्य, दोघांचेही मत खरे आणि दोन्ही मते एकमेकांच्या विरुद्ध. टीव्हीवरचा तज्ज्ञ 'सामान्यांना फटका' असे म्हणतो तेव्हा कोणत्या सामान्याला, हे विचारले पाहिजे.

सरकारने काय केले? विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, सप्टेंबर २०२४ मध्ये, कच्च्या खाद्यतेलावरचा मूळ आयातकर शून्यावरून वीस टक्क्यांवर नेला. तेल महागले. मजूर बाईच्या फोडणीतले तेल कमी झाले. पण सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना त्या हंगामात बाजारात भाव हमीभावाच्या खालीच राहिला. खरेदी केंद्रावर गेले तर ओल बारा टक्क्यांच्या वर आहे म्हणून पोते परत. आरडाओरड झाल्यावर नोव्हेंबरात ती मर्यादा पंधरा टक्के करण्यात आली, तोवर गरजू शेतकऱ्याने माल व्यापाऱ्याच्या काट्यावर घालून टाकला होता. मग मे २०२५ च्या अखेरीस तोच कर वीसवरून दहा टक्क्यांवर आणला. म्हणजे आधी मजुराला मारले आणि शेतकऱ्याला दिले नाही, नंतर शेतकऱ्याला मारले. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ जाहीर झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यातले उभे पीक पाण्यात गेले. जे उरले ते हमीभावाखाली विकले गेले. कराच्या या उलटसुलट खेळात कोणाचे भले झाले, हे लातूरच्या हमालालाही ठाऊक आहे. त्याला विचारणारा अर्थतज्ज्ञ आम्हाला अजून भेटायचा आहे.

आता नटनट्यांकडे आणि शेठजींकडे येऊ. आपल्या माणसाने सिनेमा पाहू नये, क्रिकेटवर बोलू नये, असे म्हणणाऱ्या सोवळ्या विचारवंतांपैकी आम्ही नाही. दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला करमणूक हवी असते आणि मोठ्या लोकांच्या भानगडी वाचण्यात थोडी मजाही असते. जुलै २०२४ मध्ये मुकेश अंबानींच्या मुलाच्या लग्नाचा धूमधडाका चालू होता. परदेशातून गायक आणले गेले, देशातले झाडून सारे नट नाचले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला मोबाईलचे रिचार्ज महागले, एका नव्हे तिन्ही मोठ्या कंपन्यांचे. हॉटेलातल्या माणसाने लगेच हिशेब जुळवला की लग्नाचा अहेर आपल्याकडून वसूल होतो आहे. अर्थशास्त्राच्या कसोटीवर हा हिशेब टिकणार नाही. पण वाहिन्या नवरीच्या लेहंग्याचे रंग सांगत असताना मोजक्या कंपन्यांच्या मुठीत बाजार गेला की भाव कोण ठरवतो, हा प्रश्न त्याने विनोदाच्या रूपाने का होईना विचारला.

सन २०१६ आठवा. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांवर जमावबंदी लावावी लागली. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला, भीमजयंतीच्या दोन दिवस आधी, पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. तिकडे आयपीएलची मैदाने हिरवीगार ठेवण्यासाठी लाखो लिटर पाणी लागत होते. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. काही मोठे खेळाडू आणि समालोचक हळहळले. सामने हलवल्याने दुष्काळ मिटणार आहे काय, असा सवाल त्यांनी केला. नव्हताच मिटणार. पण घागर घेऊन रात्री दोन वाजता रांगेत उभ्या बाईने त्या हिरवळीकडे पाहून काय म्हटले असेल, ते त्यांना कळण्यासारखे नव्हते. (त्याच महिन्याच्या शेवटी 'सैराट' आला. त्याच्या गाण्यांवर अख्खा महाराष्ट्र नाचला. लग्नाच्या वरातीत आजही नाचतो. त्या सिनेमाचा शेवट काय आहे, हे नाचणाऱ्यांनी पाहिले होते की नाही, असा प्रश्न आम्हाला पडतो.)

परंतु सर्वांत जिव्हारी लागणारे उदाहरण परभणीचे आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग पोलिसांची धरपकड, वस्त्यांमधून झोडपणे. सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. याच आठवड्यात, १३ डिसेंबरला, हैदराबादेत अल्लू अर्जुन या नटाला चेंगराचेंगरीच्या प्रकरणात अटक झाली. वाहिन्यांना दिवसभर दुसरे काही सुचले नाही. नट पोलीस ठाण्यात कसा गेला, जामीन कधी मिळाला, तुरुंगात रात्र कशी गेली, सकाळी घरी कोणी मिठी मारली, सारे आपल्याला दाखवले गेले. त्या चेंगराचेंगरीत मेलेल्या बाईचेही नाव मागेच पडले. एक नट एक रात्र आत राहिला, ती देशाची बातमी. एक विद्यार्थी आत गेला तो परत आलाच नाही, ती मराठवाड्याची बातमी.

सोमनाथच्या कुटुंबाला सरकारने मदत देऊ केली. त्याच्या आईने ती नाकारली, आम्हाला न्याय हवा म्हणून. माईकवाल्यांनी त्या माउलीलाही विचारलेच असेल, कसे वाटते? तिने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले. ते मत होते. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, तो त्या मताचा परिणाम होता.

बाबासाहेबांनी हा रोग फार पूर्वी ओळखला होता. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात गोखले मेमोरियल हॉलमध्ये रानड्यांवर बोलताना त्यांनी वर्तमानपत्रांची भर सभेत झाडाझडती घेतली. पत्रकारिता हा एके काळी पेशा होता, आता तो धंदा झाला आहे आणि नायक घडवून त्यांची पूजा बांधणे हेच त्याने काम मानले आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या काळी नायक राजकारणातले होते. आज नट आहेत, खेळाडू आहेत, बुवा आहेत. पद्धत तीच आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीविषयी जो इशारा दिला तो तर आपल्या पोरांनाही पाठ आहे. पाठ आहे, आचरणात आहे काय? आपल्या वस्तीच्या तोंडाशी लागलेले वाढदिवसाचे फ्लेक्स मोजावेत. खाली पंधरा फोटो, वर एक मोठा फोटो, कोपऱ्यात बाबासाहेब टिकलीएवढे. नटाच्या मागे धावणाऱ्याला हसायचे आणि आपण पुढाऱ्याच्या गाडीमागे धावायचे, हे आंबेडकरी म्हणवणाऱ्याला शोभत नाही. आपलेही मत गहाण पडू लागले आहे आणि गहाणवटीचा कागद घरोघरी मोबाईलमध्ये आहे. सकाळी उठून जे मत पुढे ढकलले जाते ते कोणी लिहिले, कशासाठी लिहिले, हे पाहायची सवय सुटत चालली आहे. शेजारच्या मुसलमानाविषयी, आरक्षणाविषयी, अॅट्रॉसिटी कायद्याविषयी तयार मत घोटभर चहाबरोबर गिळले जाते. किल्लारीच्या माणसाला घर का पडले हे कळते, कारण त्याने ढिगारा उपसला आहे. त्याला भाव का पडला हे कळते, कारण त्याने पोते वाहिले आहे. पण मोबाईलवर आलेल्या बातमीचा ढिगारा तो उपसत नाही. तिथे तो फक्त अंगठा दाबतो.

विहारात, वाचनालयात एकाने मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे आणि दहांनी ऐकून भांडायचे, ही आपली जुनी पद्धत होती. ज्यांना अक्षर येत नव्हते तेही भांडत होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तो याच लोकांसाठी. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. त्यानंतर १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता', १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. या पत्रांत गावोगावची हकीकत येत असे. विहिरीवर काय झाले, पाटलाने काय केले, मेलेली ढोरे ओढायची नाहीत असे कोणत्या गावाने ठरवले. 'मूकनायक' हे नाव नुसते नीट वाचले तरी पुरे. मुक्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी कायम बोलत राहावे, असा त्याचा अर्थ बाबासाहेबांना अभिप्रेत नव्हता. आज आमच्याकडे खेड्यांतून जी पत्रे येतात त्यातली बहुतेक निषेधाची, निवेदनाची आणि निवडीबद्दल अभिनंदनाची असतात. मत सांगणारी फार थोडी. ती का येत नाहीत, याचा दोष वाचकांवर ढकलून चालणार नाही. चळवळीच्या पत्रांनीही खेड्यातल्या माणसाकडून अत्याचाराची बातमीच मागितली, त्याचे मत मागितले नाही.

मत सांगण्याची एक जागा तर कायद्यानेच दिलेली आहे. ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली २४ एप्रिल १९९३ रोजी, भूकंपाच्या अवघ्या पाच महिने आधी. ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले आणि पाच महिन्यांनी गावेच्या गावे कुठे बसवायची, घरे केवढी बांधायची हे ठरवण्याची वेळ आली. ग्रामसभेत गावे काय म्हणाली हे कागदोपत्री असेलही, पण अडीचशे फूट आणि साडेसातशे फूट हा निर्णय भूमिहीनाच्या मताने झाला नाही, एवढे निश्चित. आज वर्षातून निदान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. त्या किती गावांत सह्यांच्या रजिस्टरवरच उरकल्या जातात, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

किल्लारी, तळणी, सास्तूर आणि परिसरातल्या पुनर्वसित गावांतल्या आमच्या वाचकांना म्हणून एक काम सांगतो. अडीचशे फुटांच्या घरात आता तिसरी पिढी राहते आहे. कोणी पुढे पत्र्याची पडवी काढली, कोणी मागे न्हाणी बांधली, कोणी तीन भाऊ एका खोलीत राहून वरती माळा घातला आणि काहींनी तर पुन्हा मातीत दगड रचून भिंत उभी केली. हे शेवटचे फार गंभीर आहे. घरांच्या कबाल्यांचा प्रश्न कित्येक गावांत वर्षानुवर्षे रेंगाळला आहे. आपल्या आळीत घरे किती, कुटुंबे किती, कबाला कोणाला मिळाला, कोणाला नाही, नव्या भिंती कोणी कशाच्या बांधल्या, याची यादी आपल्याच पोरींनी-पोरांनी वही घेऊन करावी. आधीच्या महिला सभेत ती वाचावी. मग ग्रामसभेत वाढीव जागेचा ठराव लेखी मांडावा, इतिवृत्तात चढवून घ्यावा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याची नक्कल मागावी. एक नक्कल आमच्याकडे पाठवावी. आम्ही ती छापू, आणि सोबत ठराव मांडणाऱ्या बाईचे किंवा बाप्याचे म्हणणे त्याच्याच बोलीत, फोटोशिवाय, जितके लांब असेल तितके छापू.